बॉनेटखालची पातळी : नव्या गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे दोन वर्षांच्या आतल्या गाड्यांबद्दल आहेत आणि त्यांतील शंका वेगवेगळ्या शब्दांत जवळपास एकच आहे : अमुक टाकीतील पातळी खाली गेलेली दिसते, तर वरून थोडे घालावे काय? जुन्या गाडीच्या बाबतीत ‘घाला आणि लक्ष ठेवा’ एवढे उत्तर बहुधा पुरते, कारण तिथे झिजलेल्या सीलमधून थोडेफार पाझरणे गृहीतच धरलेले असते. नव्या गाडीत मात्र बहुतेक द्रव बंदिस्त असतात आणि त्यांची पातळी सहसा फारशी हलत नाही. म्हणून ती हलली, तर आधी कारण शोधावे आणि मगच बाटली उघडावी, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक गाडीची मापे वेगळी असल्यामुळे माझे उत्तर आणि गाडीसोबत मिळालेली पुस्तिका यांत जिथे फरक दिसेल, तिथे पुस्तिकेचे म्हणणे प्रमाण मानावे.

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी घेतलेली पेट्रोलवरची हॅचबॅक ६,२०० किलोमीटर चालली आहे. डिपस्टिकवर इंजिन ऑइल दोन खुणांच्या मधोमध दिसते. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे, की वरच्या खुणेपर्यंत भरून टाका आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी जरा घट्ट ऑइल घाला. अधिकृत सर्व्हिस सेंटर आमच्यापासून लांब आहे. काय करावे?
— एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)

उत्तर : आज काहीही घालू नये. खालची खूण ही किमान मर्यादा आणि वरची खूण ही कमाल मर्यादा असते; या दोहोंच्या मध्ये कुठेही असलेली पातळी योग्यच असते. वरच्या खुणेला टेकलेले ऑइल हे मधोमध असलेल्या ऑइलपेक्षा इंजिनाला अधिक हिताचे असते, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक लहान गाड्यांत या दोन खुणांमधील अंतर साधारण एक लिटरच्या आसपास असते, म्हणजे आपल्या गाडीत खालच्या खुणेपर्यंत पोहोचायला अजून सुमारे अर्धा लिटर ऑइल शिल्लक आहे.

परंतु पातळी मधोमध आहे, हे आपण कसे पाहिले, ते अधिक महत्त्वाचे आहे. गाडी सपाट जागी उभी असावी. अंगणातला थोडासा उतारही डिपस्टिकवर खोटी पातळी दाखवतो. बहुतेक उत्पादक इंजिन तापल्यानंतर ते बंद करून पाच ते दहा मिनिटे थांबायला सांगतात, कारण वरच्या भागात फिरणारे ऑइल खाली तळाशी उतरायला तेवढा वेळ लागतो. काही उत्पादक थंड इंजिनावर तपासायला सांगतात. डिपस्टिक एकदा बाहेर काढून स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि मग पुन्हा काढून वाचावी. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर ऑइल वरपर्यंत माखलेले असते, त्यामुळे ते वाचन उपयोगाचे नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळी पातळी दिसली, तर कमी दाखवणारी बाजू खरी मानावी.

नव्या इंजिनात पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये थोडे ऑइल जळणे स्वाभाविक आहे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांना नीट बसेपर्यंत भिंतीवरची ऑइलची पातळ फिल्म थोडी जास्त प्रमाणात ज्वलनकक्षात जाते. हे प्रमाण हळूहळू कमी होत जायला हवे, आणि ते खरोखर कमी होत आहे की नाही, हे केवळ नोंदीवरूनच कळते. म्हणून माझी विनंती अशी, की दर हजार किलोमीटरला तारीख, किलोमीटरचा आकडा आणि पातळी एका वहीत लिहावी. पुढे खरोखरच ऑइल जळत असल्याची तक्रार करायची वेळ आली, तर ‘ऑइल कमी होते’ असे तोंडी सांगण्यापेक्षा ही वही सर्व्हिस सेंटरसमोर ठेवणे कितीतरी परिणामकारक ठरते. मधल्या काळात आपण न सांगता दोनदा-तीनदा ऑइल वाढवलेले असेल, तर मात्र ही नोंदच खोटी ठरते. म्हणून घातलेले ऑइलसुद्धा मिलिलिटरमध्ये लिहून ठेवावे आणि त्याचे बिल जपून ठेवावे.

वरच्या खुणेपलीकडे ऑइल भरण्याचा तोटा कमी भरण्याइतकाच गंभीर आहे. तळाशी जास्त ऑइल असले, की फिरणारा क्रँकशाफ्ट त्यात बुडतो आणि ऑइलचा फेस होतो. फेसाळलेले ऑइल बेअरिंगला पुरेसा दाब देऊ शकत नाही. शिवाय ऑइलची वाफ वायुवीजनाच्या नळीतून पुन्हा इंजिनाच्या आत ओढली जाते, जळते आणि कालांतराने धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खराब करते. त्यामुळे पातळी खरोखरच किमान खुणेपाशी पोहोचली, तर २०० ते २५० मिलिलिटर एवढेच ऑइल घालावे, काही मिनिटे थांबावे, पुन्हा तपासावे आणि मधोमध आले, की थांबावे.

आता घट्ट ऑइलाविषयी. ‘०डब्ल्यू-२०’ किंवा ‘५डब्ल्यू-३०’ या नावांतील पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते हे सांगतो आणि दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते हे सांगतो. बाहेर ४२ अंश असो वा १२ अंश, चालत्या इंजिनातील ऑइलाचे तापमान थर्मोस्टॅट आणि कूलंट यांच्यामुळे त्याच्या नेहमीच्या मर्यादेच्या आसपास राखले जाते. त्यामुळे माण तालुक्यातील ऊन हे ऑइल बदलण्याचे कारण ठरत नाही. आजच्या पेट्रोल इंजिनांतील ऑइलाच्या वाटा अरुंद असतात आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलाच्याच दाबावर चालते. तिथे २०डब्ल्यू-५० सारखे दाट ऑइल सकाळी इंजिन सुरू होताना वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते, आणि इंजिनाची झीज नेमकी त्याच काही सेकंदांत सर्वाधिक होते. पुस्तिकेत छापलेली ग्रेड आणि तिच्यासोबतचा दर्जा, उदाहरणार्थ ‘एपीआय एसपी’, हे दोन्ही डब्यावर तंतोतंत जुळले पाहिजेत. दोहोंपैकी एक चुकले, तर वॉरंटीच्या दाव्यात त्यावर बोट ठेवले जाऊ शकते. अधिकृत केंद्र लांब असल्यामुळे एक लिटरचा योग्य ग्रेडचा सीलबंद डबा घरी आणून ठेवणे हा आपल्यासाठी सर्वांत सोयीचा मार्ग आहे.

प्रश्न : आमची डिझेल एसयूव्ही एक वर्षाची आहे. बहुतेक वापर शहरातच, चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी होतो. ऑइल कमी होण्याऐवजी ते वरच्या खुणेच्याही वर गेलेले दिसते. हे कसे शक्य आहे? शिवाय पडद्यावर ‘डीईएफ भरा’ अशी सूचना येऊ लागली आहे. ते घरी भरता येते का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आपला पहिला प्रश्न तातडीचा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला असतो; त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून आपोआप फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते, आणि बऱ्याच गाड्यांत त्यासाठी सिलिंडरमध्ये नेहमीच्या वेळेनंतर थोडे जास्तीचे डिझेल फवारले जाते. ही क्रिया पूर्ण व्हायला गाडी काही काळ सलग चालावी लागते. चार किलोमीटरवर गाडी बंद झाली, की ती अर्धवट राहते, पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. आणि प्रत्येक वेळी न जळलेले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलात उतरते. ऑइलाची पातळी वाढते ती यामुळे, आणि डिपस्टिकला डिझेलचा वासही येऊ शकतो.

असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही. पातळी फारच वाढली, तर इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून जाळू लागण्याचाही धोका असतो. वरच्या खुणेच्या वर गेलेली पातळी दिसल्यावर लांबचा प्रवास करू नये; सर्व्हिस सेंटरला कळवून ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून घ्यावा आणि डीपीएफमध्ये किती काजळी साठली आहे, ते संगणक जोडून तपासून घ्यावे. त्यानंतर मात्र नियमितपणे महामार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवण्याची सवय ठेवावी. जळगावहून भुसावळला जाऊन येणे यासाठी पुरेसे आहे. नवे ऑइल घेताना ते डीपीएफसाठी असलेले, कमी राखेचे आहे याची खात्री करावी, कारण साध्या ऑइलाची राख त्या फिल्टरमध्ये कायमची अडकते आणि काजळीसारखी जाळून टाकता येत नाही. आपला वापर पुढेही असाच राहणार असेल, तर पुढची गाडी पेट्रोलची घ्यावी, असा सल्ला मी मोकळेपणाने देईन.

डीईएफ, म्हणजे धुरातील घातक वायू कमी करण्यासाठी धुराड्यात फवारले जाणारे द्रव, घरी भरता येते. ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षाररहित पाणी यांचे मिश्रण असते आणि त्याच्या टाकीचे झाकण बहुधा निळे असते. काही वाचकांनी पूर्वी विचारले होते, म्हणून येथेच सांगतो, की शेतीचा युरिया पाण्यात कालवून हे द्रव कधीही तयार करू नये. शेतीच्या युरियात या कामासाठी लागणारी शुद्धता नसते, आणि आपल्या देशात २०१५ पासून त्याला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्याने नोझल चोंदते आणि महागडा कॅटॅलिस्ट निकामी होऊ शकतो. आयएसओ २२२४१ हा क्रमांक छापलेला सीलबंद डबाच घ्यावा आणि फार साठा करू नये. सतत ३५ अंशांच्या आसपास राहिलेले डीईएफ सुमारे सहा महिनेच टिकते, आणि खानदेशातील उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते त्याहूनही लवकर खराब होईल. चुकून ते डिझेलच्या टाकीत ओतले गेले, तर चावीसुद्धा फिरवू नये. टाकी रिकामी करून स्वच्छ केल्याशिवाय गाडी सुरू करणे म्हणजे संपूर्ण इंधनयंत्रणा गमावण्याची तयारी ठेवणे होय.

प्रश्न : आठ महिन्यांच्या गाडीत सकाळी कूलंट किमान खुणेच्या किंचित खाली असते आणि दुपारी कामावरून आल्यावर कमाल खुणेपाशी दिसते. खरी पातळी कोणती मानायची? गाडीतले कूलंट गुलाबी आहे. दुकानात हिरवे मिळाले. घरचे आरओचे पाणी घातले तर चालेल का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : सकाळची पातळी खरी. तापल्यावर कूलंट प्रसरण पावते आणि टाकीत वर चढते; म्हणून दोन्ही खुणा थंड इंजिनासाठीच आखलेल्या असतात. गरम असताना झाकणाला हात लावू नये, हे वारंवार सांगूनही दर उन्हाळ्यात चेहरा आणि हात भाजल्याच्या घटना घडतात. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असलेले कूलंट मोकळ्या हवेत साधारण १०७ अंशांना उकळते. परंतु बंद यंत्रणेत दाब सुमारे एक बारने वाढलेला असल्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. झाकण फिरवताच तो दाब नाहीसा होतो आणि इतका वेळ द्रवरूपात असलेले कूलंट क्षणात उकळून उसळते. इंजिन बंद करून लगेच झाकण उघडण्याइतकी घाई कोणत्याही प्रवासात नसते.

आपल्या गाडीत पातळी किमान खुणेखाली का गेली, याची दोन शक्यता मला दिसतात. कारखान्यात कूलंट भरताना यंत्रणेत अडकलेली थोडी हवा पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडते आणि तिची जागा कूलंट घेते. असे असेल, तर एकदा भरल्यानंतर पातळी स्थिर राहते. दुसरी शक्यता गळतीची आहे : सैल राहिलेला होजचा क्लिप, रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा क्वचित हेड गॅस्केट. या दोहोंतील फरक ओळखण्याचा मार्ग साधा आहे. एकदा योग्य कूलंटने दोन खुणांच्या मध्यापर्यंत भरावे, सकाळी टाकीवर पातळीशी चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि पंधरा दिवस रोज सकाळी पाहावे. पातळी पट्टीखाली जाऊ लागली, तर पुन्हा भरण्याऐवजी गाडी वॉरंटीत दाखवावी आणि यंत्रणेला दाब देऊन गळती शोधण्याची चाचणी मागावी. धुराड्यातून सतत पांढरी, गोडसर वासाची वाफ येत असेल किंवा पुढच्या पायदानातील गालिचा चिकट ओला झाला असेल, तर पंधरा दिवसही थांबू नये.

रंगाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे : कूलंटच्या रंगाला कोणतेही सार्वत्रिक मानक नाही. रंग हा उत्पादकाने मिसळलेला असतो आणि महत्त्वाचे असते ते त्यातील गंजरोधक रसायन. एकाच रंगाची दोन कूलंट परस्परविरोधी रसायनांची असू शकतात, आणि वेगळ्या रंगांची दोन कूलंट एकाच जातीची असू शकतात. न जुळणारी कूलंट मिसळली, तर गंजरोधक शक्ती घटते आणि वाईट परिस्थितीत गाळ धरतो. म्हणून पुस्तिकेत दिलेले मानक डब्यावर शोधावे आणि ते न सापडल्यास गाडीच्या कंपनीचेच कूलंट घ्यावे. डब्यावर ‘प्रीमिक्स’ लिहिलेले असेल, तर ते तसेच ओतावे. ‘कॉन्सन्ट्रेट’ असेल, तर सांगितलेल्या प्रमाणात पाणी मिसळावे. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त थंडावा असे होत नाही. पाणीच उष्णता अधिक चांगली वाहून नेते, आणि ग्लायकॉल ठरलेल्या प्रमाणापुढे गेले, की चंद्रपूरसारख्या ४५ अंशांच्या उन्हात उलट इंजिन जास्त तापू शकते.

आरओच्या पाण्यात बहुतेक क्षार निघून गेलेले असले, तरी सर्व निघालेले नसतात, शिवाय घरच्या यंत्रात चवीसाठी काही परत मिसळलेही जातात. त्यामुळे कूलंटमध्ये मिसळायच्या क्षाररहित, म्हणजे बॅटरीच्या पाण्याला ते पर्याय नाही. बोअरचे पाणी तर अजिबात वापरू नये. त्यातील क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. रस्त्यात अडकल्यावर गाडी पूर्ण थंड होऊ देऊन, गळती मोठी नसेल तर, जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरते साधे पाणी घालावे लागले, तर घालावे, पण पोहोचल्यावर ते सांगून कूलंट बदलून घ्यावे. आणखी एक : इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले कूलंट कुत्री, मांजरे चाटतात आणि थोड्या प्रमाणानेही दगावतात. त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते पूर्ण उचलावे आणि जागा भरपूर पाण्याने धुवावी. उरलेला डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

प्रश्न : मी रोज वाईहून पाचगणीला पसरणी घाटातून ये-जा करते. गाडी पावणेदोन वर्षांची, २९,००० किलोमीटर झालेली आहे. ब्रेक ऑइल किमान खुणेपाशी आले आहे. गॅरेजमध्ये म्हणाले, पन्नास रुपयांचे ऑइल घालून देतो. घालू का?
— एक वाचक भगिनी, वाई

उत्तर : ताई, कृपया घालून घेऊ नका, आधी चारही चाकांचे ब्रेक पॅड आणि लायनर तपासून घ्या. ब्रेक पॅड जसजसे झिजतात, तसतसे कॅलिपरमधील (पॅड दाबणाऱ्या पकडीतील) पिस्टन बाहेर येत जातात आणि त्यांच्यामागची वाढलेली जागा टाकीतील ऑइल भरून काढते. म्हणजे किमान खुणेकडे संथपणे सरकणारी पातळी हा बहुधा झिजलेल्या पॅडचा संदेश असतो, आणि रोज घाट उतरणाऱ्या गाडीत २९,००० किलोमीटरला तो येणे अगदी स्वाभाविक आहे. वरून ऑइल घातले, तर इशाऱ्याचा दिवा लागणार नाही, पॅड मात्र झिजतच राहतील. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले, की तेच जास्तीचे ऑइल टाकीतून उतू जाईल आणि रंगावर पडले, तर रंग उतरवील.

पॅड जाड असूनही पातळी खाली आली असेल, किंवा ती एका आठवड्यात झपाट्याने उतरली असेल, तर ती गळती समजावी. अशा वेळी चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलच्या वर ओल दिसते, पेडल मऊ पडते किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाते. त्या स्थितीत गाडी घाटात नेऊ नये आणि गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये. टोइंगचा खर्च परवडतो. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते, म्हणून क्लचच्या बाजूची गळतीही पाहायला सांगावे.

आपल्या रस्त्यासाठी पातळीपेक्षा ऑइलाचे वय अधिक मोलाचे आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ दर्जाच्या नव्या ऑइलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा शोषलेल्या स्थितीसाठी ठरवलेली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट-३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. पावसाळ्यात महिनोन्‌महिने धुक्यात आणि ओल्या हवेत फिरणारी गाडी पाचगणीहून खाली येताना सतत ब्रेक लावत आली, तर कॅलिपरजवळचे जुने ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होऊ शकतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. म्हणून पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. या कारणास्तव बहुतेक उत्पादक दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलायला सांगतात, आणि आपल्यासारख्या वापरात मी ते पावसाळ्यापूर्वी, पॅड बदलतानाच, करून घ्यायला सांगेन. आपली दोन वर्षे जवळ आलीच आहेत. उतारावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आधार घेत उतरणे हे अर्थातच सर्वांत आधी.

‘पन्नास रुपयांचे ऑइल’ म्हणजे बहुधा आधीच उघडलेल्या डब्यातले ऑइल. उघडा राहिलेला डबा स्वतःच ओलावा शोषत असतो, म्हणून ब्रेक ऑइल नेहमी आपल्यासमोर सील तोडून वापरलेले असावे. डॉट-५ हे सिलिकॉनचे असते आणि ते डॉट-३ वा डॉट-४ मध्ये मिसळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल चुकून ब्रेकच्या टाकीत गेले, तर रबरी सील फुगतात आणि संपूर्ण यंत्रणा उघडावी लागते.

प्रश्न : एसी लावून गाडी थांबवली, की डाव्या पुढच्या बाजूला खाली पाण्याचे थारोळे होते. गाडी तीन महिन्यांची आहे. काही गळते आहे का? आणि एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागतो का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : ते पाणी केबिनमधील हवेतला ओलावा आहे, एसीच्या थंड कॉइलवर तो साठतो आणि नळीवाटे खाली पडतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते भरपूर असणे हेच एसी नीट चालत असल्याचे लक्षण आहे. उलट ते अचानक बंद झाले आणि आतला गालिचा ओला झाला, तर नळी चोंदली आहे असे समजावे. शंका राहिली, तर रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरावा. रंग आणि चिकटपणा नसलेला डाग पाण्याचा. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा. गुलाबी, हिरवा किंवा निळा डाग कूलंटचा. चाकाजवळचा पिवळसर, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग ब्रेक ऑइलचा असण्याची शक्यता असते.

गॅस दरवर्षी भरावा लागत नाही. ती बंद यंत्रणा आहे. नव्या गाडीत गॅस कमी झाला, तर गळती आहे, आणि ती वॉरंटीत दुरुस्त करून घ्यावी.

प्रश्न : मुलाने वायपरच्या पाण्याच्या टाकीत चुकून कूलंट ओतले. काय करावे? आणि त्या टाकीत साबणपूड घातली तर चालते का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : वायपरचे पाणी फवारू नये, कूलंटने काच तेलकट होते आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत काहीच दिसत नाही. टाकी रिकामी करून स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावी. उलट चूक झाली असती, म्हणजे साबणाचे पाणी कूलंटच्या टाकीत गेले असते, तर गाडी सुरू न करता टाकी आणि गरजेनुसार संपूर्ण यंत्रणा धुऊन घ्यावी लागली असती. झाकणांवरची चित्रे मुलाला एकदा दाखवून ठेवावीत : फवाऱ्याचे चित्र वायपरच्या पाण्याचे, आणि तापमापकाचे किंवा उष्णतेच्या इशाऱ्याचे चित्र कूलंटचे. साबणपूड नोझलमध्ये थिजते, म्हणून ती टाळावी. काचेसाठी मिळणारे द्रव थोडे मिसळावे किंवा नुसते स्वच्छ, कमी क्षारांचे पाणी घालावे. डीईएफ सोडले, तर हे एकच द्रव असे आहे, की ते संपले तर कारण न शोधता भरावे.

प्रश्न : आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. त्यात काही भरावे लागत नाही, असे शोरूममध्ये सांगितले. खरे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : इंजिन ऑइल नसते, एवढे खरे. ब्रेक ऑइल इतर गाड्यांसारखेच असते आणि तेही ओलावा शोषते. मोटरच्या साहाय्याने वेग कमी होत असल्यामुळे पॅड फार सावकाश झिजतात, त्यामुळे पातळी वर्षानुवर्षे हलत नाही आणि ऑइल बदलण्याचा विसर पडतो. किलोमीटर न पाहता तारखेप्रमाणे ते बदलावे. मोटरपाशी असलेल्या गिअरपेटीत ऑइल असते, परंतु ते पाहणे सर्व्हिस सेंटरचे काम आहे.

द्रवाने थंड होणाऱ्या बॅटरीसाठी कूलंटची टाकी असते. तिची पातळी थंड गाडीत आपण डोळ्यांनी जरूर पाहावी, पण स्वतः त्यात काहीही घालू नये. काही गाड्यांत हे कूलंट विजेचे वहन अत्यल्प करणारे, खास प्रकारचे असते. साधे कूलंट किंवा पाणी मिसळले, तर तो गुण नाहीसा होतो. पातळी कमी दिसल्यास छायाचित्र काढून केंद्राला कळवावे आणि नारिंगी रंगाच्या केबलांच्या आसपास हात घालू नये. त्यांतून उच्च दाबाची वीज जाते.

प्रश्न : पहिल्या ‘फ्री सर्व्हिस’च्या बिलात कूलंट, ब्रेक ऑइल आणि वायपर लिक्विड यांचा ‘टॉप-अप’ लावला होता. गाडी फक्त महिनाभर जुनी होती. हे योग्य आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मोफत सर्व्हिसमध्ये सहसा मजुरी मोफत असते आणि वापरलेल्या द्रवांचे पैसे घेतले जातात, त्यामुळे बिल लावणे हे मुळात गैर नाही. परंतु महिनाभराच्या गाडीत ब्रेक ऑइल कमी झाले असेल, तर ते का कमी झाले, याचे उत्तर केंद्राने लेखी द्यायला हवे. आणि कमी झालेले नसेल, तर त्याचे पैसे परत मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पुढच्या वेळी गाडी देण्यापूर्वी थंड इंजिन असताना सर्व टाक्यांची पातळी दाखवणारी छायाचित्रे तारखेसह काढावीत, आणि जॉब कार्डावर ‘मालकाला विचारल्याशिवाय कोणतेही द्रव वाढवू नये, पातळी कमी आढळल्यास टाकी, प्रमाण मिलिलिटरमध्ये आणि कारण नोंदवावे’ असे लिहून घ्यावे. सल्लागार हे वाक्य लिहायला तयार नसेल, तर आपण स्वतःच्या हाताने लिहून त्याची सही घ्यावी आणि जॉब कार्डाची प्रत घेऊनच चावी द्यावी.